पाजी, हाफपाइप मिळेल का?

मी गेलो होतो स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वायसर आणायला. पण आठ दिवस डोक्यात एक भलताच शब्द घोळत होता. दुकानात शिरल्यावर वायसरच्या आधी तोच तोंडातून निसटला. "पाजी, हाफपाइप मिलेगा?"

सेक्टर 22 मधल्या त्या नळसामानाच्या दुकानातले पाजी वहीतून डोकं न काढता म्हणाले, "आधा इंच? जीआय में दूँ या सीपीव्हीसी में?"

"वो वाला पाइप नहीं," मी माझ्या रत्नागिरी वळणाच्या हिंदीत म्हणालो, "वो जो ऐसा होता है..." आणि दोन्ही हातांनी हवेत एक भला मोठा 'यू' काढला.

"यू-ट्रॅप! बेसिन के नीचे वाला. पहले बोलना था ना जी."

"नहीं नहीं, बहुत बड़ा होता है. बच्चे उसमें इधर से उधर जाते हैं."

आता मात्र पाजींनी पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा खुलासा गिळला आणि निमूटपणे वायसर मागितला. तो कागदात गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "पाइप कोई भी लगाओ जी, एल्बो साथ में ले जाओ. एल्बो तो लगेगी ही लगेगी."

मी घेतली नाही. तेवढेच पैसे वाचवले.

हे सगळं सुरू झालं आमच्या कन्येमुळे. माझी बँकेतली बदली चंदीगडला झाली तेव्हा घरात शहराची वाटणी झाली. हिला सुखना तलावावरचं सकाळचं फिरणं मिळालं, मला सेक्टर 17 मधली शाखा आणि कन्येला सेक्टर 10 चं स्केटिंग रिंक. या शहरात पोराला स्केटिंगला न घालणं म्हणजे पुण्यात पोराला तबल्याला न घालण्यासारखं. लोक बोलत नाहीत, पण बघतात. कन्या दोन वर्षं चाकांचे बूट घालून रिंकवर गोल गोल फिरली, घाण्याच्या बैलाइतक्या निष्ठेनं. मग बाराव्या वाढदिवसाला तिनं जाहीर केलं, "बाबा, गोल फिरून कंटाळा आला. मला वर-खाली जायचंय. हाफपाइप शिकायचाय."

तिनं मोबाइलवर दाखवलं आणि मी हसलोच. ही तर पन्हळ! आजोळी, संगमेश्वराकडे, पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करत. एकीच्या तोंडाशी दुसरी लावत लावत वरच्या पऱ्याचं पाणी वाडीतल्या शेवटच्या माडापर्यंत आणत. आजीच्या घराचं छप्परही नळीच्या कौलांचं, एक ओळ उताणी आणि तिच्यावर एक पालथी. त्यातलं उताणं कौल घ्या, तेरा-चौदा फूट उंच करा, मध्ये थोडी सपाट जागा ठेवा आणि काठावरून मूल सोडा. झाला हाफपाइप. कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हा हाफपाइप बनवत आला. त्यात पाण्याऐवजी पोर सोडायचं तेवढं त्याला सुचलं नाही. खरं तर मला सुचलं होतं. सातव्या वर्षी मी त्या पन्हळीत बसून पाहिलं होतं. पन्हळ मोडली. त्यानंतर आजीनं जे केलं त्याला स्केटबोर्डिंगच्या भाषेत अजून नाव नाही.

पण वाचायला लागलो तेव्हा कळलं की या खेळाचा सगळा इतिहासच पाण्याच्या जागा बळकावण्याचा आहे. मुळात हा लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या पोरांचा उद्योग. समुद्र शांत असला की करायचं काय, म्हणून त्यांनी फळीला चाकं लावली आणि रस्त्यालाच लाट मानलं. ती चाकं मातीची, भाजलेली; खडा आला की चाक थांबायचं आणि माणूस पुढे जायचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणानं पॉलियुरेथेनची चाकं आणली, तेव्हा फळी रस्त्याला धरून चालायला लागली. मग 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. पाणी जपून वापरायचं म्हणून बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिकडच्या तलावांचा तळ कढईसारखा गोल. मालक कामावर गेला की पोरं कुंपणावरून आत! आपल्याकडे दुष्काळ पडला की टँकर येतो, चारा छावणी येते, मंत्री येतात. त्यांच्याकडे एक अख्खा खेळ आला.

आणखी काही पोरं ॲरिझोनाच्या वाळवंटात गेली. तिथे कालव्याच्या प्रकल्पासाठी चोवीस फूट व्यासाचे पाइप आणून ठेवले होते, त्यांत जाऊन ती खेळायची. पण रोज उठून वाळवंटात कोण जाणार? एन्सिनिटास गावच्या टॉम स्टुअर्टनं आपल्या वास्तुविशारद भावाकडून नकाशा काढून घेतला आणि घराच्या पुढच्या अंगणातच लाकडाचा अर्धा पाइप उभा केला. नंतर त्याचे नकाशे विकायला लागला. अंगणात! आमच्याकडे तुळशीवृंदावन दोन फूट सरकवायचं तर गावापासून मुंबईपर्यंत सगळ्या चुलत्यांच्या सह्या लागतात.

म्हणजे तलाव पाण्यासाठी, पाइप पाण्यासाठी, पन्हळ पाण्यासाठी. हाफपाइपची चौकशी नळाच्या दुकानात करणं हा मी समजलो होतो तेवढा काही वेडेपणा नव्हता.

आता यात मी कुठून आलो? फळी आणली होती कन्येसाठी. ती पहिले दोन दिवस दिवाणखान्यात पडून होती. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो. घरात कुणी जागं नव्हतं. मी एका हातानं फ्रिज धरला आणि फळीवर उभा राहिलो. ज्यांनी सत्तेचाळीस वर्षं फक्त जमिनीवर उभं राहण्यात घालवली आहेत त्यांना हा अनुभव सांगून कळणार नाही. जमीन सुटली नव्हती, पण जमिनीचा आपल्यावरचा विश्वास उडाल्यासारखं वाटलं. फळी सरकली, मी सरकलो आणि फ्रिजही थोडा सरकला. आवाजानं ही बाहेर आली. मी म्हटलं, "फ्रिजमागे झुरळ होतं."

"अहो, झुरळ मारायला फळीवर कशाला चढायचं?" असं विचारून ती आत गेली. पण माझ्या पायांना जे कळायचं ते कळलं होतं.

वयाचं म्हणाल तर मी हिशेब केला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात पदकाच्या चौथऱ्यावर ज्या तिघी उभ्या होत्या त्यांची वयं 13, 13 आणि 16. बेरीज 42. मी एकटा 47. म्हणजे तिघी मिळून माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. बँकेत ज्येष्ठतेचं मला नेहमीच वावडं होतं, इथे ती न मागता मिळाली.

तर प्रश्न होता जागेचा. चंदीगड हे शहर वरून बघितलं तर चौकटीची वही आहे. आठशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब असे एकसारखे सेक्टर, सरळ रस्ते आणि जमीन अशी की चेंडू ठेवला तर तोही विचार करत बसेल. आमच्या रत्नागिरीत घरातून बाहेर पडलं की एक तर चढ असतो नाहीतर उतार. तिथे फळी असती तर मी थेट मांडवी बंदरावर जाऊन थांबलो असतो. इथे निसर्गानं उतार दिलेला नाही. मात्र हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं दिला आहे, भरपूर दिला आहे. या माणसाला उताराचं वेड होतं. जिन्याला त्याच्या मनात दुय्यम स्थान असावं. सचिवालयाच्या 254 मीटर लांबीच्या इमारतीला त्यानं बाहेरून उतारांचे मोठे मनोरे चिकटवले, कारकुनांनी पायऱ्या न चढता चालत वर जावं म्हणून. सेक्टर 10 मधल्या संग्रहालयात उतार, हुतात्मा स्मारकाला उतार. कारकून या उतारांवरून सरपटत गेले असते तर फायलींचा वेग वाढला असता, पण ते असो.

कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला 2016 साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. ओळखपत्र दाखवून, नाव नोंदवून, मार्गदर्शकाबरोबर तो बघता येतो. मी कन्येला घेऊन गेलो. फळी घरीच ठेवली, कारण शस्त्रांच्या यादीत ती बसते की नाही याबद्दल मला खात्री नव्हती. विधानसभेसमोर आलो आणि आम्ही दोघं एकाच वेळी थांबलो. आठ प्रचंड खांब आणि त्यांवर छप्पर. पण छप्पर कसलं, पन्हळ! काँक्रीटची, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, दोन्ही काठ वर वळलेले. पावसाचं पाणी झेलून बाजूच्या तळ्यात सोडण्यासाठी केलेली.

"बाबा," कन्या हळूच म्हणाली.

"दिसतंय मला," मी म्हणालो.

मार्गदर्शक इमारतीमागचं तत्त्वज्ञान सांगत होता: सूर्य, सावली, पाणी, प्रमाण, माणूस. बाकीचे पर्यटक दारावरची मुलामा दिलेली चित्रं बघत होते. आम्ही बाप-लेक मात्र माना वर करून त्या पन्हळीचा वळणाचा व्यास मनात मोजत होतो. जगातला सर्वांत भारदस्त हाफपाइप पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या विधानसभेच्या डोक्यावर आहे आणि त्यात आजवर फक्त पाणी आणि कबुतरं उतरली आहेत. मी मार्गदर्शकाला विचारलं, "वर जाता येतं का?" तो म्हणाला, "कशासाठी?" या प्रश्नाचं खरं उत्तर देणं शहाणपणाचं नव्हतं. जवळच एक बंदूकधारी जवान उभा होता आणि त्याची नजर माझ्या गुडघ्यांवर होती. माझे गुडघे आपोआप वाकले होते.

तिथून जवळच ओपन हँडचं स्मारक. सव्वीस मीटर उंचीवर तो पंजा वाऱ्याबरोबर फिरतो. 'देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडा' असं त्याचं सांगणं. पायथ्याशी जमिनीत उतरणारा एक मोठा खड्डा आहे, काँक्रीटचा, लोकांनी एकत्र बसून विचारविनिमय करावा म्हणून केलेला. कन्येनं तो बघून म्हटलं, "बाबा, हा पण स्केटपार्कच आहे." मी म्हटलं, "हो, पण इथे फक्त चर्चा करायची." तिथे चर्चा करायलाही कुणी नव्हतं.

पंजाब विद्यापीठातलं स्टुडंट सेंटर बघून आलो. गोल इमारत आणि तिच्याभोवती सापासारखा चढत जाणारा उतार. उतरायला उत्तम, पण पलीकडे पुन्हा चढ नाही. हाफपाइपचं मर्म तिथेच आहे: जेवढं खाली जाल तेवढंच वर यायला हवं. नुसतं खाली जायला शहर कशाला लागतं? त्यासाठी माझं म्युच्युअल फंडाचं खातं आहे. सुखनाच्या बांधावरही एका सकाळी फळी काढून पाहिली. 1958 साली चोअ, म्हणजे पावसाळी ओढा, अडवून तलाव केला तेव्हा या बांधावर गाड्या येऊ नयेत असा कॉर्बुझिएचाच आग्रह होता. फळीला चार चाकं आहेत, याची एका शिट्टीनं मला आठवण करून दिली. हा तलाव कमी पावसाच्या वर्षी बराच आटतो, त्यामुळे 'सुखना' या नावानं मराठी माणसाच्या मनात उगीच आशा उगवते. पण तळाशी काँक्रीट नाही, गाळ आहे. कॅलिफोर्नियाची सर आपल्या दुष्काळाला नाही.

मग मी देशाचा नकाशा काढला. बंगळूरच्या होलीस्टोक्ड मंडळींनी स्वतः फावडी घेऊन, काँक्रीट ओतून स्केटपार्क उभारले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी 2015 मध्ये स्केटपार्क केला. तिथले नियम दोनच: शाळेत गेलं नाही तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. कन्येला दुसरा नियम इतका आवडला की पहिल्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. उदयपूरजवळच्या खेमपूरला तर एका सिनेमासाठी स्केटपार्क बांधला, तो सिनेमा 2021 मध्ये आला आणि पार्क गावाला राहिला. त्या सिनेमाची दिग्दर्शिका मंजरी माकिजनी म्हणजे मॅक मोहनची मुलगी, 'शोले'तल्या सांभाची. मला यात काहीतरी काव्य दिसतं. बाप अख्खा सिनेमाभर खडकाच्या काठावर बंदूक धरून बसून राहिला, खाली उतरला नाही. मुलीनं उतारच बांधून टाकला.

आणि आपला महाराष्ट्र? 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणलं. ही बातमी मी आईला फोनवर सांगितली. आई म्हणाली, "मग तुम्ही पुण्याला का नाही बदली मागत?" आईच्या मते जगातल्या सर्व प्रश्नांचं उत्तर पुण्याला बदली हेच आहे. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा वायसर घालायलासुद्धा तिनं पुण्याचाच माणूस सुचवला होता.

राहता राहिला स्वतः बांधण्याचा मार्ग. प्लायवुडचं मला भय नव्हतं. प्लायवुडची पंढरी यमुनानगर इथून दोन-अडीच तासांवर आहे. भय होतं घरमालकांचं. गच्चीवर चार फूट उंच, वीस फूट लांब वस्तू उभी करणार, हे ऐकून ते अत्यंत प्रेमळपणे म्हणाले, "बेटा, व्हायलेशन हो जाएगा." चंदीगडात हा शब्द लहान मुलंसुद्धा ओळखतात. इथे खिडकीची चौकट बदलायची तरी आधी नियम बघावे लागतात. सुतार गाठला, तर तो निघाला कॉर्बुझिएचा चुलत भाऊ पियरे जानरे याच्या खुर्च्यांच्या नकला करण्यात वाकबगार. सरकारी कचेऱ्यांत मोडक्या म्हणून अडगळीत पडलेल्या त्या खुर्च्या परदेशातल्या लिलावात लाखांनी विकल्या गेल्या, तेव्हापासून इथल्या सुतारांना प्रत्येक वाकड्या लाकडात भविष्य दिसतं. त्यानं माझा नकाशा उलटा धरून, सुलटा धरून बघितला आणि विचारलं, "साहब, इस पे बैठेगा कौन?"

"कोई नहीं बैठेगा. सब गिरेंगे," कन्या म्हणाली. त्यानं नकाशा परत दिला.

या टप्प्यावर मला नेकचंद आठवले. या शहरात परवानगीशिवाय काही उभं करायचं तर तोच एक गुरू. सार्वजनिक बांधकाम खात्यातला रोड इन्स्पेक्टर. दिवसा नोकरी, आणि त्यानंतर जंगलातल्या घळीत गुपचूप काम: फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबशा, बेसिन, टाइल्स. जवळपास अठरा वर्षं कुणाला पत्ता नाही. 1975 मध्ये सरकारला सापडलं तेव्हा पाडायचं की ठेवायचं यावर खल झाला. 1976 मध्ये रॉक गार्डन म्हणून उघडलं आणि नेकचंदना त्याच बागेसाठी पगार आणि पन्नास मजूर मिळाले. 1984 मध्ये पद्मश्री. म्हणजे पद्धत सिद्ध झालेली आहे. अडचण एवढीच की मी आज सुरू केलं तर हाफपाइप सापडेल तेव्हा मी 65 वर्षांचा असेन आणि कन्या तीसची. शिवाय बदलीची ऑर्डर तीन वर्षांत येते.

मार्ग शेवटी रिंकबाहेरच्या चहावाल्याकडून निघाला. तो म्हणाला, मोहालीच्या इंडस्ट्रियल एरियात एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये काही पोरं "फट्टा चलाते हैं". पंजाबीत फळीला फट्टा म्हणतात. 'चक दे फट्टे' हा शब्दप्रयोग आपण सगळ्यांनी लग्नाच्या वरातीत ऐकलाय. त्याचा अर्थ उचला त्या फळ्या. त्यामागे लढाईत पुलाच्या फळ्या काढून घेण्याची कहाणी सांगतात. म्हणजे बघा, पुन्हा पाणीच. ज्या शहरात हाफपाइप या शब्दाला कुणी ओळखत नव्हतं, तिथली भाषा मात्र आधीपासून तयार होती.

शेडमध्ये सहा-सात पोरं आणि एक उतार. एकच. हाफपाइपला दोन बाजू लागतात, यांच्याकडे एक होती. तिला क्वार्टरपाइप म्हणतात. आधी मला वाटलं होतं की पंजाबात क्वार्टर आणि हाफ या शब्दांचा अर्थ लावताना चूक होऊ शकत नाही, पण इथे तीही झाली. दुसऱ्या बाजूसाठी पोरांनी वर्गणी काढायला घेतली होती. मी निम्मे पैसे देतो म्हटल्यावर मी 'अंकल जी'चा 'सर जी' झालो आणि दोघांचे धडे सुरू झाले.

शिकवणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, हमीरपूरकडचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि बहुधा कायमचाच. त्यानं पहिला प्रश्न विचारला, कुठला पाय पुढे? मी अर्थातच उजवा पुढे केला. आमच्याकडे नवी सून माप ओलांडते ती उजव्या पायानं. शुभ काम म्हटलं की उजवं पाऊल. तो म्हणाला, "सर जी, आप गुफी हो." या खेळात डावा पाय पुढे असलेला तो रेग्युलर आणि उजवा पुढे असलेला गुफी, म्हणजे येडपट. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी एका शब्दात माझ्या समस्त कुलाचाराचा निकाल लावला होता. कन्येनंही उजवाच पुढे केला. घराण्याचं नाव राखलं.

पहिला धडा चढण्याचा नव्हता, पडण्याचा होता. गुडघ्यांना जाड प्लास्टिकच्या वाट्या बांधायच्या आणि उतारावरून मुद्दाम गुडघ्यांवर घसरत यायचं. हे तासभर. सत्तेचाळीस वर्षं मी न पडण्याचा अभ्यास केला होता, तो एका तासात मोडायचा होता. कन्या घसरताना हसत होती. मी घसरताना स्तोत्र म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली: जो पडायचं ठरवून पडतो त्याला लागत नाही; जो मध्येच विचार बदलतो त्याला लागतं. बँकेत कर्जमंजुरीच्या बाबतीत मी हे पाहिलेलं होतं, पण गुडघ्यांवरून ते पहिल्यांदाच आत गेलं.

दुसरा धडा पम्पचा. म्हणजे सपाटीवर गुडघे वाकवायचे आणि चढ लागला की सरळ करायचे. पाय जमिनीला न लावता वेग वाढतो. पोरगा "पम्प मारो, पम्प मारो" ओरडत होता आणि मला उपसा सिंचन आठवत होतं. मग कळलं, अरे, हा तर झोका! वडाच्या पारंबीला लोंबकळून आपण हेच करायचो. खाली येताना बसायचं, वर जाताना ताठ व्हायचं. हे मला जमलं. एका आठवड्यात मी त्या उतारावर दोन फूट चढून, उलटा खाली यायला लागलो. त्या उलट्या येण्याला 'फेकी' म्हणतात. हिला ते दाखवायला नेलं. ती खुर्चीवर बसून मोबाइल बघत होती. म्हणाली, "अहो, हा टोनी हॉक कोण?" मला वाटलं, आता कौतुक होणार. मी सांगितलं: 1999 च्या जूनमध्ये हाफपाइपवर हवेत अडीच गिरक्या घेणारा पहिला माणूस, त्या रात्री आधी दहाएक वेळा आपटला होता, पण सोडलं नाही. "हं," ही म्हणाली, "2022 मध्ये मांडीचं हाड मोडून घेतलंय त्यानं. वय 53." आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या बाजूचा सांगाडा तयार झाला, यमुनानगरचं प्लायवुड दोन थरांत वाकवून बसवलं आणि वरच्या काठाला कोपिंग लावायची वेळ आली. कोपिंग म्हणजे काठावर पुरलेली लोखंडी नळी, चाकांच्या आसाला आणि फळीला घासायला. दोन इंची, आठ फूट. मी पुन्हा सेक्टर 22 ला गेलो.

पाजींनी मला ओळखलं. "मिल गया वो बच्चों वाला पाइप?"

"जी, उसी के लिए पाइप चाहिए. दो इंच जीआय, आठ फूट."

पाजींच्या चेहऱ्यावर असा विजय पसरला की मला वाटलं आता ते लाडू वाटतात की काय. "तो मैंने पहले दिन क्या पूछा था? जीआय या सीपीव्हीसी? पाइप ही तो चाहिए था!" पाइप कापून देताना त्यांनी सवयीनं विचारलं, "एल्बो?"

"नहीं जी, सीधा है, कहीं मुड़ना नहीं."

"देख लो," ते म्हणाले.

आता ड्रॉप-इन. काठावर उभं राहायचं, फळीचं शेपूट नळीवर टेकवून मागच्या पायानं दाबायचं; फळीचं पुढचं अंग हवेत, खाली चार फूट खोल प्लायवुड. मग पुढचा पाय त्या हवेतल्या टोकावर ठेवायचा आणि सगळं अंग पुढे झोकून तो खाली दाबायचा. सगळी मेख तिथेच आहे. घाबरलं की माणूस मागे रेलतो, मागे रेललं की फळी पुढे पळते आणि माणूस तिथेच राहतो, आडवा. शरीराची प्रत्येक पेशी मागे चल म्हणत असताना पुढे जायचं. कन्येनं दोन प्रयत्न केले. तिसऱ्याला खाली गेली, पलीकडे चढली, उलटी परत आली आणि "बाबा, बघितलंस?" म्हणून ओरडली. मी बघितलं नव्हतं. डोळे मिटले होते.

मग माझी पाळी. मी काठावर चढलो. चार फूट ही उंची खालून बघितली तर छातीएवढी असते. वरून बघितली की रत्नागिरीचा माळनाका आणि मांडवी यांच्यातलं अंतर दिसतं. शेपूट टेकवलं. उजवं पाऊल पुढे ठेवलं, शुभस्य शीघ्रम् म्हणून. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आईचा. मी उचलला, कारण खाली न जाण्यासाठी तेवढंच सबळ कारण हाताशी होतं.

"कुठे आहेस रे?"

"काठावर," मी म्हणालो.

"कसल्या काठावर? तळ्याच्या?"

"पन्हळीच्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "तुझी आजी असती तर..." आणि फोन ठेवला. खाली सात पोरं आणि माझी कन्या एका सुरात ओरडायला लागली होती, "चक दे फट्टे! चक दे फट्टे!" मी पुढे झुकलो. झुकलो म्हणजे अर्ध्यापर्यंत झुकलो. मग विचार बदलला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. मी डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून सेक्टर 22 ला गेलो आणि वायसर मागितला. पाजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग झोळीकडे, मग कोपराभोवतीच्या जाड पट्टीकडे. बराच वेळ काही बोलले नाहीत. वायसर कागदात गुंडाळला, रबरबँड लावला आणि माझ्या उजव्या हातात ठेवला.

"बोला था ना जी," ते म्हणाले, "एल्बो लगेगी."